वाचकांचे प्रश्न : गाणे घरोघरी पोहोचले, मोबदला कोणाच्या घरी गेला?

गाण्यांच्या फाइल्स इंटरनेटवरून आणि मोबाइलवरून फुकट फिरतात, त्यात कलावंताचे आणि संगीत कंपनीचे नेमके काय होते, या विषयावर ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी आगरी बोलीत गाणी लिहितो. २०१८ साली हळदीचे एक गाणे लिहून दिले. निर्मात्याने पंधरा हजार रुपये एकरकमी दिले आणि एका कागदावर गाण्याचे नाव, रक्कम आणि ‘सर्व हक्क दिले’ एवढे लिहून सही घेतली. आज ते गाणे उरणपासून पालघरपर्यंत हळदीला वाजते. डीजेंनी त्याचे रिमिक्स केले, फाइल व्हॉट्सॲपवर फिरते, यूट्यूबवरही भरपूर चालले आहे. माझे नाव मात्र कुठेच नाही. ‘गाणे फुकटात फिरले, मलाच काही सुटले नाही, तर तुला कुठून देऊ?’ असे निर्माता म्हणतो. हे खरे आहे का? आता काही करता येईल का?
— एक गीतकार, घणसोली

उत्तर : आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओघात सांगून गेला आहात, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. त्या कागदावर हक्क किती वर्षांसाठी दिले आणि कोणत्या प्रदेशापुरते दिले, हे लिहिलेले नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ असे सांगते की करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरावी आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता धरावा. आपला कागद २०१८ चा आहे. त्यामुळे आपल्या शब्दांवर निर्मात्याला मिळालेला हक्क २०२३ मध्येच संपला, असे म्हणायला आपल्याकडे भक्कम आधार आहे. ध्वनिमुद्रण निर्मात्याचे आहे आणि ते त्याचेच राहील. पण त्या ध्वनिमुद्रणात गायले गेलेले शब्द वापरत राहण्यासाठी आता त्याला आपल्याशी बोलावे लागेल. हा कागद घेऊन कॉपीराइटचे काम करणाऱ्या वकिलाकडे जा आणि मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नका.

दुसरी गोष्ट मुदतीपेक्षाही मोठी आहे. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क त्यांना स्वतःलाही विकता येत नाही किंवा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांकडे जातो, किंवा वसुलीपुरता कॉपीराइट संस्थेकडे देता येतो. याच्या विरुद्ध लिहून घेतलेला करार कायद्याने निरर्थक ठरतो. चित्रपटगीतांइतकीच ही तरतूद चित्रपटबाह्य गाण्यांनाही लागू आहे. म्हणजे ‘सर्व हक्क दिले’ या तीन शब्दांनी आपला वाटा संपत नाही. त्या वेळी राज्यसभेचे सदस्य असलेले जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीसाठी संसदेत आणि बाहेर जो आग्रह धरला, त्याचा लाभ हिंदी चित्रपटसृष्टीतील नामवंतांनी घेतला. घणसोली, दिवा, कोपरखैरणे, अलिबाग येथे गाणी लिहिणाऱ्यांपर्यंत ही तरतूद पोहोचलीच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता निर्मात्याच्या म्हणण्याकडे वळू. ते पूर्ण खोटे नाही. हळदीच्या मांडवात गाणे वाजते तेव्हा कायद्यानेच कोणाला काही द्यावे लागत नाही. कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी संबंधित इतर समारंभ त्यातच धरले आहेत. केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून त्याची आठवणही करून दिली. त्यामुळे आगरी-कोळी गाण्याचे जे सर्वांत मोठे व्यासपीठ आहे, तिथून रॉयल्टीची अपेक्षा ठेवता येत नाही. पूर्वी ही उणीव कॅसेट आणि व्हीसीडीची विक्री भरून काढत असे. मांडवात गाणे आवडले की दुसऱ्या दिवशी माणूस बाजारात जाऊन कॅसेट मागत असे. आज तो मांडवातच डीजेच्या माणसाकडून फाइल मागून घेतो. निर्मात्याचे हे नुकसान खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे.

पण डीजेच्या लॅपटॉपमधला ‘हळदी नॉनस्टॉप’सारखा एखादा फोल्डर उघडून पाहिला तर आपल्या नुकसानीचे वेगळेच कारण दिसते. गाण्याच्या फाइलमध्ये कलावंत, अल्बम, गीतकार, संगीतकार यांची नावे भरण्यासाठी रकाने असतात. फुकट डाउनलोड देणाऱ्या साइटवरून आलेल्या फाइलमध्ये कलावंताच्या रकान्यात त्या साइटचे नाव असते, अल्बमच्या रकान्यात पुन्हा तेच, आणि गीतकाराचा रकाना रिकामा. रिमिक्स झाले की गाण्याच्या नावापुढे डीजेचे नाव येते. ती फाइल पाच-सात हातांतून गेल्यावर कोणीतरी ती आपल्या चॅनेलवर चढवतो, तेव्हा त्याला आपले नाव ठाऊक असण्याचा मार्गच उरलेला नसतो. फुकट देवाणघेवाणीने गाण्याची किंमत गेली हे सगळे सांगतात. तिने आपल्यासारख्यांचे नाव नेले, हे फार कमी जण सांगतात, आणि माझ्या मते दुसरे नुकसान जास्त खोल आहे, कारण नाव नसेल तर पुढे जिथे पैसा निर्माण होतो तिथेही हात पोहोचत नाही.

पैसा यूट्यूबवर निर्माण होतो. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा २००७ पासून आहे. मूळ ध्वनिमुद्रणाचा ठसा तिच्यात नोंदवला असेल तर दुसऱ्याने चढवलेल्या व्हिडिओतही ते गाणे ओळखले जाते, आणि हक्कदाराला तो व्हिडिओ बंद करता येतो किंवा त्यावरील जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे वळवता येते. आपल्या निर्मात्याने ही नोंद केली असेल तर फुकट फिरलेल्या गाण्यातूनही त्याला काही मिळाले असणारच. वकिलामार्फत निर्मात्याला नोटीस पाठवा आणि तिच्यात पहिली मागणी हीच करावी की २०१८ पासून या गाण्याचे यूट्यूब आणि स्ट्रीमिंगवरील उत्पन्नाचे विवरण द्यावे.

हे चालू असताना दोन कामे स्वतः करून टाका. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, ही १९६९ मध्ये स्थापन झालेली आणि २०१७ मध्ये पुन्हा नोंदणी मिळालेली गीतकार-संगीतकारांची संस्था आहे; तिचे सदस्य व्हा आणि आपले प्रत्येक गाणे तिथे नोंदवा. नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने लिहा. एका ठिकाणी आडनाव, दुसरीकडे टोपणनाव असे झाले तर पैसे येऊनही वाटपाविना पडून राहतात. दुसरे म्हणजे कलम ५७ नुसार, हक्क विकले असले तरी कृती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. नाव लावून घेण्यासाठी निर्मात्याची मेहेरबानी लागत नाही, ते लेखी मागा.

आणखी एक सावधगिरी सांगतो. लग्नविधीत पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या धवलारणींच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या धवल्यातील, म्हणजे अशा गाण्यातील, ओळ आपल्या मुखड्यात आली असेल तर त्या ओळीवर आपला हक्क नाही. आपण नव्याने रचलेली कडवी कोणती, हे नोंदणी करतानाच स्पष्ट लिहावे. पुढे वाद झाला तर हाच स्पष्टपणा उपयोगी पडतो.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात या विषयावर वादविवाद झाला. एका बाजूने सांगितले की नॅप्स्टरपासून सुरू झालेल्या फुकट देवाणघेवाणीने संगीत कंपन्या बुडाल्या. दुसऱ्या बाजूने एका संशोधनाचा हवाला देऊन विक्रीवर काहीच परिणाम झाला नाही असे सांगितले. यातले खरे काय मानावे? मराठी संगीतात काय घडले, यावर तर कोणीच बोलले नाही.
— एक विद्यार्थी, वाशी

उत्तर : दोन्ही बाजूंनी सत्याचा एकेक तुकडा धरला होता. आधी तंत्राचा हिशेब पाहू. सीडीवरील एक मिनिट संगीत साधारण दहा मेगाबाइट जागा घेते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत विकसित झालेल्या एमपी३ पद्धतीने, नेहमीच्या १२८ किलोबिटच्या दर्जात, तेच एक मेगाबाइटमध्ये बसते. पाच मिनिटांचे गाणे पन्नासवरून पाचवर आले, आणि टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या संथ इंटरनेटवरही ते पाठवणे शक्य झाले. जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या तरुणाने नॅप्स्टर सुरू केले. त्यात गाणी कंपनीच्या सर्व्हरवर नव्हती, लोकांच्या संगणकांवर होती. कोणते गाणे कोणाकडे आहे याची यादी तेवढी नॅप्स्टरकडे होती. याच यादीमुळे अमेरिकेच्या अपील न्यायालयाने फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीला जबाबदार धरले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सेवा बंद पडली. पुढे आलेल्या अशा सेवांनी मध्यवर्ती यादीच काढून टाकली. अमेरिकी संगीत कंपन्यांच्या संघटनेने २००३ पासून पाच वर्षे हजारो सामान्य लोकांवर खटले भरले, त्यात विद्यार्थी होते, घरातल्या मुलांमुळे अडकलेले पालक होते. ज्याला गाणे आवडते त्यालाच न्यायालयात खेचण्याचा हा मार्ग मला तेव्हाही अयोग्य वाटला आणि आजही वाटतो.

आपल्या वादविवादात उल्लेखलेले संशोधन बहुधा ओबरहोल्झर-जी आणि स्ट्रम्प या दोन अभ्यासकांचे असावे. त्यांनी २००२ च्या अखेरच्या काही आठवड्यांतील प्रत्यक्ष डाउनलोड आणि अल्बमविक्री यांची सांगड घातली आणि विक्रीवरील परिणाम संख्याशास्त्राच्या दृष्टीने शून्यापासून वेगळा दाखवता येत नाही, असा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावर स्टॅन लीबोविट्झ यांनी कडक आक्षेप घेतले. रॉब आणि वॉल्डफोगेल यांनी २००६ मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून असे मांडले की पाच अल्बम डाउनलोड झाले की साधारण एका अल्बमची खरेदी घटते. बहुतेक अभ्यास याच दिशेने जातात, आणि मला हेच पटते: नुकसान झाले, पण प्रत्येक डाउनलोड म्हणजे एक हुकलेली विक्री हा कंपन्यांचा हिशेब फुगवलेला होता. उरलेल्या चार अल्बमांपैकी बरेचसे कोणी विकत घेतलेच नसते. याच वॉल्डफोगेल यांनी २०१२ मध्ये असेही दाखवले की नॅप्स्टरनंतर नव्या संगीताचा दर्जा घसरल्याचा पुरावा मिळत नाही. हा मुद्दा आपल्या वादात कोणी मांडला नसेल तर पुढच्या वेळी जरूर मांडावा.

कंपन्या बुडाल्या का? जगभरातील ध्वनिमुद्रित संगीताचे उत्पन्न १९९९ च्या सुमारास शिखरावर होते, २०१४ च्या सुमारास ते तळाला गेले, आणि नंतर स्ट्रीमिंगने ते वर आणले. आंतरराष्ट्रीय संघटना आयएफपीआयच्या अहवालानुसार २०२४ मध्ये ते २९.६ अब्ज डॉलर होते आणि त्यातील दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा स्ट्रीमिंगचा होता. महागाई जमेस धरली तर १९९९ ची पातळी अजून आलेली नाही, पण उद्योग मेला असे म्हणता येत नाही. गाण्यांचा मोठा जुना साठा ज्यांच्याकडे होता त्या कंपन्या सावरल्या. मधल्या पंधरा वर्षांत बंद पडलेली छोटी लेबले आणि व्यवसाय सोडून गेलेले वादक या आकड्यांत कुठेच दिसत नाहीत.

मराठीपुरते पाहायचे तर आपल्याकडे गोष्ट नॅप्स्टरपासून सुरू होत नाही, कॅसेटपासून होते. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली तेव्हा एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी मोडली आणि कोळीगीते, भीमगीते, लोकगीते, अभंग यांना पहिल्यांदाच छोटे निर्माते मिळाले. त्याच यंत्राने नक्कलही सोपी केली. १९८४ मध्ये कायदा कडक करावा लागला तो त्यामुळेच. पुढे सीडी आली आणि ७०० मेगाबाइटच्या एका तबकडीवर एमपी३ रूपातील सव्वाशे-दीडशे गाणी भरून ती पदपथावर विकली जाऊ लागली. त्यानंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून देण्याचा धंदा आला. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला अशा दुकानांत काउंटरवर संगणक असे आणि वहीच्या पानावर विषयवारी लिहिलेली असे: जुनी हिंदी, भक्तिगीते, लावणी, कोळीगीते, नवे पिक्चर. गिऱ्हाईक बोट ठेवी, दुकानदार फोल्डरच्या फोल्डर कार्डावर ओढून देई. गिऱ्हाईक पैसे मोजत होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपला माणूस गाण्यासाठी पैसे देतच नाही, असे जे म्हणतात त्यांनी हा धंदा पाहायला हवा होता. पैसे दिले जात होते, ते गाणे करणाऱ्याकडे जात नव्हते. सप्टेंबर २०१६ पासून डेटा स्वस्त झाला आणि तो धंदाही आटोपला.

या सगळ्यात घाव कोणावर बसला, हे नीट पाहिले पाहिजे. हिंदी चित्रपटगीताचा खर्च चित्रपटाच्या अंदाजपत्रकातून निघत असे, आणि कंपनीला कॉलर ट्यून, दूरचित्रवाणी, जाहिराती असे इतर मार्ग होते. मराठी भावगीतांच्या किंवा कवितागायनाच्या खासगी अल्बमला यातले काही नव्हते. स्टुडिओचे भाडे, वादकांचे मानधन, संगीत संयोजकाचे पैसे हे सर्व कॅसेट-सीडीच्या विक्रीतूनच वसूल व्हायचे. विक्री आटली तसे असे अल्बम निघणेच कमी झाले. १९९० च्या दशकात मराठी घरांत चित्रपटाबाहेरचे नवे गाणे ज्या सहजतेने येत असे ती सहजता गेली, आणि ही हानी कोणत्याही आर्थिक अहवालात सापडणार नाही. मुंबईतील ऱ्हिदम हाउस हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले त्याच्या बातम्या झाल्या. उपनगरांतील आणि ठाण्यातील लहान कॅसेटवाले कधी मोबाइलचे कव्हर विकू लागले, ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

स्ट्रीमिंगने ही हानी भरून निघाली का, असे आपण विचारलेले नाही, पण उत्तर त्याशिवाय अपुरे राहील. बहुतेक सेवा महिन्याचे सर्व उत्पन्न एकत्र करतात, त्याचा ठरलेला भाग हक्कदारांसाठी काढतात आणि एकूण ऐकल्या गेलेल्या गाण्यांत ज्याचा जितका वाटा, त्या प्रमाणात वाटतात. आपण महिनाभर फक्त अभंग ऐकलेत तरी आपली वर्गणी अभंगवाल्यांकडे जात नाही. ती एकत्र रकमेत मिसळते आणि सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या गाण्यांकडे वळते. २०२४ पासून स्पॉटिफायने आणखी एक नियम केला: ज्या ध्वनिमुद्रणाला मागील बारा महिन्यांत एक हजार श्रवणेही मिळाली नाहीत त्याला त्या एकत्र रकमेतून काहीच मिळत नाही. भारतात पैसे भरून ऐकणारे आधीच थोडे. गाना ही सेवा २०२२ मध्ये केवळ सशुल्क झाली, रेसो आणि विंक २०२४ मध्ये बंद झाली. कंपन्यांनी मात्र आपले दर ठरवण्याची ताकद राखली: रेडिओला मिळणारा वैधानिक परवाना, म्हणजे हक्कदाराच्या संमतीशिवाय ठरवून दिलेल्या दराने गाणी वाजवण्याची मुभा, इंटरनेट सेवांना मागता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक या खटल्यात २०१९ मध्ये ठरवले आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केले.

प्रश्न : आमचा ज्येष्ठ नागरिकांचा कराओके गट आहे. दर महिन्याला सोसायटीच्या सभागृहात आम्ही विनामूल्य कार्यक्रम करतो. ट्रॅकच्या फाइल्स गटातील दीडशे जण एकमेकांना पाठवतात. एका सदस्याच्या मुलाने हा गुन्हा असल्याचे सांगितल्यापासून काही जण धास्तावले आहेत. काय करावे?
— एक वाचक भगिनी, नौपाडा, ठाणे

उत्तर : कार्यक्रम निर्धास्तपणे करा. हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर गीत सादर करणे हे कलम ५२ नुसार हक्कभंग ठरत नाही. नफा न कमावणाऱ्या क्लबने आपल्या उपक्रमात ध्वनिमुद्रण वाजवणे, किंवा निवासी संकुलातील रहिवाशांच्या सामाईक सभागृहात ते वाजवणे, यालाही त्याच कलमात सूट आहे. तिकीट लावले, प्रायोजक घेतला किंवा नाट्यगृह भाड्याने घेऊन देणगी प्रवेशिका काढल्या, तर मात्र आयपीआरएसकडे आणि ट्रॅकच्या हक्कदाराकडे आधी परवाना मागावा लागेल. कार्यक्रम फेसबुकवर थेट दाखवणे हेही या सवलतीत बसत नाही.

ट्रॅकची फाइल दीडशे जणांना पाठवणे ही बाब वेगळी आहे. स्वतःच्या रियाजासाठी स्वतःच्या प्रतीची नक्कल ठेवणे खासगी वापरात येते. गटभर वाटणे येत नाही. अशा गटावर पोलीस येतील असे मला मुळीच वाटत नाही, पण मी आपल्याला भीतीपोटी थांबायला सांगणार नाही, दुसऱ्या कारणासाठी सांगेन. चांगला कराओके ट्रॅक म्हणजे मूळ गाण्यातून आवाज पुसलेली फाइल नसते. कोणीतरी कीबोर्डवादक मूळ वाद्यमेळ कानाने ऐकून, अंतऱ्यामधील बासरीच्या तुकड्यापासून ढोलकीच्या उठावापर्यंत सर्व नव्याने वाजवून बसवतो. ठाणे आणि डोंबिवली परिसरात असे काम करणारे वादक आहेत. कार्यक्रमांची कामे कमी झाल्यावर यावर घर चालवणारेही आहेत. एका ट्रॅकची किंमत फारशी नसते. तो एकाने घेतला आणि दीडशे जणांनी वाटून घेतला तर त्या वादकाच्या हाती एकाच प्रतीचे पैसे पडतात. त्याच्याशीच बोलून गटासाठी एकत्रित दर ठरवून घ्या. बहुतेक जण आनंदाने देतात, आणि आपल्या गायकाच्या पट्टीत ट्रॅक उतरवूनही देतात.

प्रश्न : तुकोबांच्या अभंगांना मी स्वतः चाली लावून स्वखर्चाने अल्बम केला आणि वितरकामार्फत सर्व ॲपवर टाकला. पंधरवड्यात टेलिग्रामच्या एका चॅनेलवर पूर्ण अल्बमची झिप फाइल आली. यूट्यूबवर तर एकाने तो स्वतःच्या नावाने चढवला आहे. अभंग सगळ्यांचेच आहेत, असे तो म्हणतो.
— एक गायिका, कळवा

उत्तर : अभंग सगळ्यांचे आहेत, चाल आपली आहे आणि ध्वनिमुद्रणही आपले आहे. यूट्यूबचे प्रकरण आधी हाती घ्या, कारण ते लवकर सुटते. त्यांच्या कॉपीराइट तक्रारीच्या अर्जात व्हिडिओचा पत्ता, मूळ प्रकाशनाची तारीख आणि वितरकाने दिलेला आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक, नमूद करा. कंटेंट आयडी प्रत्येकाला थेट मिळत नाही, पण अनेक वितरक ती सोय देतात. आपल्या वितरकाकडे ती सुरू करून घ्या, म्हणजे पुढच्या नकला आपोआप पकडल्या जातील.

टेलिग्रामला २०१३ च्या कॉपीराइट नियमांतील नियम ७५ नुसार लेखी तक्रार द्या. तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत मध्यस्थ सेवेने तो मजकूर बंद करणे अपेक्षित आहे. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो, म्हणून तक्रार करण्याआधीच वकिलाशी बोलून ठेवावे. चॅनेल चालवणारा अनोळखी आहे म्हणून हताश होऊ नका: अभ्याससाहित्य फुकट वाटणाऱ्या चॅनेल्सच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये टेलिग्रामला चालकांची माहिती उघड करण्याचा आदेश दिला होता. पोलिसांत तक्रार करायची झाल्यास कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्पष्ट केले आहे. त्या कलमात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

पुरावा म्हणून स्टुडिओतील मूळ सेशन, म्हणजे प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक असलेले फोल्डर, हार्ड डिस्कवर मागून घ्या. चोराकडे फक्त मिसळलेली फाइल असते. पखवाजाचा स्वतंत्र ट्रॅक त्याच्याकडे असूच शकत नाही. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, पण चालीची नोंदणी ५०० रुपयांत आणि ध्वनिमुद्रणाची २,००० रुपयांत ऑनलाइन होते, ती करून ठेवा. आणि पखवाज, टाळ, संवादिनी वाजवणाऱ्यांशी आपला लेखी करार नसेल तर तोही आता करा. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांनाही व्यावसायिक वापरातील रॉयल्टीचा हक्क दिला आहे. जो न्याय आपण चॅनेलवाल्याकडे मागत आहात, तो त्या वादकांना आपल्याकडून मिळाला पाहिजे.

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या माझ्याकडे आहेत, बहुतेक नाट्यसंगीताच्या. त्या फाइलमध्ये उतरवून इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवल्या तर चालेल का?
— एक संग्राहक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे

उत्तर : पुष्कळशा चालतील. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६० मध्ये निघालेल्या तबकडीवरील हक्क २०२० च्या अखेरीस संपला. मात्र शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा मोजावा लागतो, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’चे उदाहरण घ्या. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, ते १९४८ मध्ये गेले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ मध्ये गेले. दोन्ही मुदती संपल्या आहेत, त्यामुळे बालगंधर्वांच्या आवाजातील त्या पदांच्या जुन्या तबकड्या आपण निःशंकपणे ठेवू शकता. त्याच काळातील एखाद्या भावगीताचा कवी १९८० मध्ये वारला असेल तर तबकडी मोकळी असूनही शब्द मोकळे नाहीत. प्रत्येक तबकडीसाठी गायक, कवी, संगीतकार, कंपनी आणि लेबलवरील क्रमांक यांची नोंद करा, लेबलचे छायाचित्र काढा आणि ही सर्व माहिती फाइलच्या रकान्यांतच भरा. उतरवताना ७८ आरपीएमसाठीची जाड सुई वापरा. एलपीची सुई या तबकड्यांच्या रुंद खोबणीत नीट बसत नाही आणि खरखर वाढते. खरखर कमी करणारे सॉफ्टवेअर वापरलेत तरी मूळ, न सुधारलेली फाइल वेगळी जपून ठेवा.